श्रावणबाळाला सुट्टी द्या

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहूनच टाकतो. म्हाताऱ्या माणसांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच पर्याय: घर नाहीतर वृद्धाश्रम. घरी ठेवलं तर संस्कार, वृद्धाश्रमात ठेवलं तर कलियुग (आणि त्यावर रडके फॉरवर्ड). पण घरी सांभाळतं कोण? बहुतेक ठिकाणी सून, नाहीतर स्वतःच साठी ओलांडलेली बायको. तिला सुट्टी कधी, हे कोणी विचारतच नाही.

पारशिवनीला आमच्या आजीला लकवा मारून चार वर्षं झाली. उठवणं, कूस बदलणं, भरवणं, संडास-बाथरूम, रात्री दोनदा उठणं, सगळं आई करते. मी पुण्यात शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटतो. एकदा फोनवर म्हटलं, आज रविवार आहे, आराम कर. तर म्हणे, "मले का तुयासारखा रविवार असते?"

यावर ठरलेलं उत्तर: बाई ठेवा. अहो, रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे बांधीत मजूर मिळत नाही, घरात बसायला कोण येणार?

हवंय ते साधं आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस माणूस दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवता यावा, म्हणजे घरच्याला दम खाता येईल. इंग्रजीत याला रेस्पाइट केअर म्हणतात. जपानने 2000 साली यासाठी विमाच सुरू केला; चाळिशीपासून हप्ता, आणि त्यातून दिवसाची केंद्रं, थोड्या दिवसांचा मुक्काम. जपान लांब वाटत असेल तर केरळ घ्या, तिथे 'पकल वीडु' म्हणजे दिवसाची घरं आहेत.

आपल्या शहरांत विरंगुळा केंद्रं आहेत, पण ती चालत येऊन कॅरम खेळणाऱ्यांसाठी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम लिहिलाय, तोही निराधारांसाठी. आई-बापाला टाकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे कायद्याला टाकणारा मुलगा दिसतो. न टाकता मोडून पडणारी सून दिसत नाही. बरं, कल्पना सरकारला ठाऊक नाही असंही नाही. राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' योजना नेमकी याचसाठी होती, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांपुरती. म्हातारपणचा लकवा किंवा स्मृतिभ्रंश त्या यादीत नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत भारतातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अंदाज 88 लाख निघाला. त्यामागे सांभाळणारे किती, हिशोब तुम्हीच करा.

आणि आपण आयटीवाले? 2017 च्या दुरुस्तीने 50 कर्मचाऱ्यांच्या वर पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण आई-वडिलांसाठी तसं काही मागायचं आपल्याला सुचलंसुद्धा नाही. आपण पैसे पाठवतो आणि मोकळे होतो.

पैसे कुठून आणायचे म्हणाल, तर गावोगावी एक खोली आणि एक सेविका उभी करता येते हे 1975 पासून अंगणवाडीने दाखवलंय. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाजवळ दहा खाटा, शिकवलेल्या दोन बाया, एक गाडी. यात रॉकेट सायन्स कुठेय?

राहता राहिले "लोक काय म्हणतील" वाले. सासूला ठेवून सून बाजारात फिरते म्हणे! फिरू दे की. श्रावणबाळाची गोष्ट नीट आठवा, त्यानेही पाणी आणायला कावड खाली ठेवलीच होती (पुढे बाण लागला ती चूक दशरथाची). गंमत म्हणजे राज्याची म्हाताऱ्यांची पेन्शन योजनाही त्याच्याच नावाची, आणि तिच्यात श्रावणबाळासाठी छदामही नाही.

असो. नगरपंचायतीला द्यायचा अर्ज लिहून ठेवलाय: समाजभवनातली एक खोली, आठवड्यातून दोन दिवस, दहा ते पाच. पारशिवनी, कन्हान, रामटेककडचं कुणी वाचत असेल तर सही पाहिजे. दिवाळीत गावी येतोय.