तक्रार तोंडी नको, लेखी द्या



पोराला वसतिगृहात पाठवताना आपण फी, मेसचे पैसे, अंथरूण-पांघरूण यांची तजवीज करतो. तिथे रॅगिंग होते, हेही आता घरोघरी ठाऊक आहे. पण आपल्या मुलांच्या वाट्याला येणारा छळ निराळा. त्याची सुरुवात "रँक किती?" या साध्या प्रश्नाने होते. रँकवरून जातीचा अंदाज बांधतात. मग गट पडतात, जेवायला कोणी शेजारी बसत नाही, 'कोट्यातला' हे नाव कायमचे चिकटते.

दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थी छळाला कंटाळून वसतिगृहाच्या वरच्या मजल्यांवर एकत्र राहायला गेले होते. सुखदेव थोरात समितीने २००७ साली ते सरकारला लिहून दिले. शिकलेल्यांत जात नसते म्हणणाऱ्यांनी तो अहवाल जरूर वाचावा! पुढे जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला गेला, मे २०१९ मध्ये मुंबईत जळगावची आदिवासी लेक डॉ. पायल तडवी गेली. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघी आया त्याच वर्षी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

घरी फोन आला की आपण "अभ्यास कसा चाललाय?" विचारतो. पोर "बरा" म्हणते. "जेवायला कोणाबरोबर बसतोस?" असे विचारून पाहा.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्यात आई-वडिलांनाही तक्रार करता येते, हे फार थोड्यांना माहीत असते. लेखी तक्रार आली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसल्यास दोषी विद्यार्थ्याला निलंबित करून प्रकरण पोलिसांकडे द्यायचे. त्यांनी चालढकल केली तर तोही गुन्ह्याला साथ दिल्याचाच प्रकार ठरतो. जातीवरून केलेला छळ व वाळीत टाकणे हेही रॅगिंगच, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली नियमांत घातले.

म्हणून केबिनमध्ये उभे राहून रडू नका. तोंडी सांगितलेले उद्या कोणी कबूल करत नाही. तारीख, जागा, नावे आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या शिकलेल्या मुलीकडून लिहून घेऊन खाली सही किंवा अंगठा करा. दोन प्रती न्या, एकीवर पोचेचा शिक्का घ्या. शिक्का द्यायला कुरकुर केली तर तीच तक्रार स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. आयोगाचा मोफत फोन १८००-१८०-५५२२, रात्रीबेरात्रीही लागतो.