न पेरल्याचे पैसे

शेतकऱ्याला न पेरल्याचे पैसे द्यायचे, हे ऐकताच कुणाच्याही कपाळाला आठ्या पडतात. अमेरिकेत १९८५ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सहीने ‘कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम’ सुरू झाला, तेव्हापासून आक्षेप तोच आहे: करदात्याने घाम गाळायचा आणि कोलोरॅडोच्या आग्नेय कोपऱ्यातल्या, बाका काउंटीतल्या शेतकऱ्याने ओसरीवर बसून सरकारी चेक मोजायचे.

आक्षेप चटकदार आहे, पण कराराची कलमे न वाचता घेतलेला. करार दहा ते पंधरा वर्षांचा असतो. नांगर घालायचा नाही, पण गवत पेरायचे आणि तण काबूत ठेवायचे, हे शेतकऱ्याकडेच. पेरणीचा साधारण निम्मा खर्च सरकार देते, बाकीचा त्याचा. एरवी त्या गवतात गुरे मनाला येईल तेव्हा सोडता येत नाहीत. दुष्काळात सवलत मिळते. थोडक्यात, सरकार जमीन खंडाने घेते आणि खंड त्या भागातल्या कोरडवाहू जमिनीच्या दराला धरून ठरतो. यात खिरापत कुठे आली?

खंड कशापायी, हे बाकाकडे पाहिले की कळते. पाऊस वर्षाला जेमतेम पंधरा-सोळा इंच, आणि वारा भणाणता. पहिल्या महायुद्धात गहू महागला, तेव्हापासून इथली कुरणे नांगराखाली येत गेली. १९३० च्या दशकात पावसाने पाठ फिरवली आणि उघडी माती आभाळात गेली. ‘डस्ट बोल’चा गाभा तो हाच मुलूख. एवढे भोगूनही १९७० च्या दशकात गहू वधारताच मैदानी प्रदेशातल्या हलक्या जमिनी पुन्हा फोडल्या गेल्या. बाजारच माती राखील म्हणणाऱ्यांना आणखी किती पुरावा हवा?

गावे ओस पडतात, हा आक्षेप मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. पेरा घटला की बियाण्याचा दुकानदार आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आधी मरतो. कायद्यानेही ते ओळखले आहे: काउंटीतल्या पिकाऊ जमिनीच्या एक चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र सहसा योजनेत घेता येत नाही. माणसे या योजनेमुळेच गेली, हे मात्र अमेरिकी शेती खात्याच्या अर्थतज्ज्ञांना २००४ च्या पाहणीत आढळले नाही. बड्यांचे खिसे भरतात म्हणावे, तर एका व्यक्तीला वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा आहे. तिला पळवाटा असतील, तर त्या बुजवाव्यात. त्यासाठी योजना बुडवण्याचे कारण नाही.

माझी तक्रार उलटी आहे. सरकार पैसे जास्त देत नाही, मुदत कमी घेते. २००७ साली देशभरात ३ कोटी ६८ लाख एकर या योजनेत होते. इथेनॉलमुळे मका तेजीत आला, करार संपत गेले आणि बरेचसे गवत पुन्हा नांगरले गेले. २०१४ च्या शेती कायद्याने तर कमाल मर्यादाच २ कोटी ४० लाखांवर आणली. वर्षानुवर्षे खंड भरून सरकारच्या हाती काय उरले?

बाकातच दुसरे उदाहरण आहे. डस्ट बोलमध्ये उजाड झालेल्या जमिनी सरकारने तेव्हा विकत घेतल्या. त्या आज कोमांची राष्ट्रीय गवताळ प्रदेशात आहेत. चार लाखांहून अधिक एकरांच्या त्या प्रदेशाचे भवितव्य गव्हाच्या भावावर ठरत नाही. सर्वांत जास्त धुपणाऱ्या जमिनींसाठी हीच दिशा धरावी. मालकी शेतकऱ्याचीच राहू द्यावी, पण नांगरण्याचा हक्क सरकारने कायमचा विकत घ्यावा आणि त्याचे दाम एकदाच, हात आखडता न घेता मोजावेत.