धावफलकावर न दिसणारे पाणी

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर राजकारण असते, शेवटच्या पानावर खेळ असतो आणि मधल्या एखाद्या पानाच्या कोपऱ्यात धरणांतील पाणीसाठ्याची चौकट असते. पहिल्या आणि शेवटच्या पानावर चावडीपासून चहाच्या टपरीपर्यंत चर्चा झडते; कोपऱ्यातील चौकटीकडे फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः या तिन्ही पानांचा एकमेकांशी निकटचा संबंध आहे. तो कसा, हे समजून घ्यायला भोर तालुक्यातील भाटघरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल.

वेळवंडी नदीवरील भाटघर धरण इंग्रजी अमदानीत, १९२०च्या दशकाच्या अखेरीस पुरे झाले. भोर संस्थानातील जमीन पाण्याखाली गेली आणि ते पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरकडे, उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसकडे वाहू लागले. संस्थान १९४८ साली विलीन झाले, गव्हर्नर लॉइड यांचे नाव जाऊन जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव मिळाले. पण पाण्याची वाट बदलली नाही. सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी ज्या खोऱ्यात साठते, त्याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला, भोर-वेल्ह्याच्या डोंगरातील वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

आता खेळाचे पान पाहू. २०१६च्या एप्रिल महिन्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मैदानांसाठी सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल, असे न्यायालयापुढे सांगण्यात आले होते. माणसे महत्त्वाची की सामने, हा न्यायालयाचा प्रश्न रास्तच होता. परंतु त्या दिवसांतील चर्चा ऐकणाऱ्याला वाटावे, की मैदानाचे नळ बंद होताच मराठवाड्याची तहान भागणार आहे. साठ लाख लिटर म्हणजे भाटघरच्या पूर्ण साठ्याचा लाखावा हिस्सादेखील नव्हे. राज्यातील लागवडीखालच्या जेमतेम चार टक्के जमिनीवरील ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा पितो, या प्रश्नाला मात्र हात लागला नाही. सामने हलविणे सोपे होते, कारण सामन्यांना मतदारसंघ नसतो. उसाला असतो.

पुण्याचे सामने जेथे होणार होते, ते गहुंजे मावळ तालुक्यात आहे. त्याच तालुक्यात ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध द्रुतगती मार्गावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी प्राणांस मुकले. त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल २०१२ मध्ये, गहुंज्याच्या मैदानाचे थाटात उद्घाटन झाले. या दोन बातम्या एकत्र वाचण्याची गरज किती समालोचकांना वाटली?

खेळात राजकारण आणू नये, असे सांगणारे पुष्कळ असतात. २००५ ते २००८ या काळात क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष शरद पवार होते आणि तेच देशाचे कृषिमंत्रीही होते. आयपीएल त्यांच्याच कारकिर्दीत, २००८ साली सुरू झाली. आमचा रोख एका व्यक्तीवर नाही. धरण, साखर कारखाना, सहकारी बँक आणि क्रिकेट संघटना यांच्या सत्तेचा उगम एकाच वर्गात असेल, तर खेळ आणि राजकारण वेगळे राहणार कसे?

याहून घातक गोष्ट म्हणजे राजकारणाचाच खेळ करून टाकणारी भाषा. जून २०१९ मध्ये भोर तालुक्यातीलच नीरा-देवघर धरणाचे डाव्या कालव्यात जाणारे जादा पाणी उजव्या कालव्याकडे वळविण्याचा आदेश सरकारने काढला. सरकार बदलले आणि २०२० मध्ये तो फिरवला गेला. दोन्ही वेळा चर्चा कोणाला दणका बसला, कोणी कुरघोडी केली, कोणाची विकेट पडली याचीच. माळशिरसच्या टोकाच्या शेतकऱ्याचा हक्क किती आणि धरणग्रस्ताचा किती, हे कोणी विचारले नाही. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत, भोर ज्यात येते त्या बारामती मतदारसंघाची लढत 'नणंद विरुद्ध भावजय' एवढ्या तीन शब्दांत संपविण्यात आली. भाटघरचे स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबाने उघडतात. कालव्यांची दारे सत्तेच्या दाबाने उघडतात. तो दाब कोठून येतो हे सांगणे समालोचकाचे काम आहे, केवळ धावा मोजणे नव्हे.

पर्याय नाही, असेही नाही. भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावपासून पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर वाटायचे. भूमिहीनालाही त्यात वाटा द्यायचा. ऊस लावायचा नाही. हे नियम गावकऱ्यांनी राबवून दाखविले. नीरेच्या खोऱ्यात हे तत्त्व लागू झाले, तर डावा-उजवा हा वाद दोन पुढाऱ्यांचा सामना राहणार नाही. पाण्याच्या प्रत्येक वाटपाचा हिशेब गावागावांत जाहीर व्हावा आणि त्यात धरणाच्या वरच्या वाड्यांचा हक्क पहिला धरला जावा, ही मागणी आता भोर-वेल्ह्यातून उठली पाहिजे.

चावडीवरच्या गप्पा वाईट नसतात. लोकशाही तेथेच श्वास घेते. पण प्रेक्षक म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांच्या शिवारात पाणी येत नाही. ज्यांच्या जमिनीवर हा डाव मांडला गेला, त्यांनी निकालाची वाट पाहत बसू नये. नियम कोणी केले, हे त्यांनी आता विचारावे.