गावाचं पान गावाचं नसतं

मंडळी, हे भांडणाचं लिखाण आहे आणि भांडण घरच्यांशीच आहे. तेव्हा ज्या काका-मामांनी हे पान उघडलं असेल त्यांनी आधी चहा घ्यावा, मग वाचावं.

घरात गेले काही महिने एकच सूर ऐकतोय. मराठी विकिपीडियावर पुरुषोत्तमनगरबद्दल लिहायचं म्हटलं की म्हणे हजार नियम! संदर्भ द्या, विशेषणं काढा, नातेवाइकांबद्दल लिहू नका. "आपलं गाव, आपण तिथं वाढलो, आपल्याला माहीत नाही तर काय पुण्याच्या लोकांना माहीत?" हा काकांचा सवाल. सवाल बिनतोड वाटतो खरा, पण मला तो मुळातच चुकीचा वाटतो. का ते सांगतो.

आधी एक सोपी गोष्ट. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि तिथं कुणीही लिहू शकतो. या 'कुणीही'मध्येच सगळी मेख आहे. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं. त्या माणसाचा अभ्यास हाच तिथला दाखला. विकिपीडियावर तुम्ही कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही कारखान्याचे जुने संचालक असाल किंवा सातवीतला पोरगा असाल, वाचणाऱ्याला दोघं सारखेच. माणसाचा दाखला नाही म्हणून कागदाचा दाखला मागतात. वाक्यापुढं 'संदर्भ हवा' असं बारीक अक्षरात दिसलं की आपली मंडळी अपमान झाल्यासारखी लाल होतात. अहो, ते तुम्हाला खोटं ठरवत नाहीत. मी तरी तुमचं म्हणणं कुठं पडताळून पाहू, एवढंच विचारतायत.

बाकीच्या रीती दोन दिवसांत अंगवळणी पडतात. हात साफ करायला धूळपाटी आहे, तिथं काय वाट्टेल ते खरडा. अडलं तर चावडीवर विचारा. चर्चापानावर बोललात की चार लाटचिन्हं देऊन सही करायची, लेखात मात्र सही करायची नाही. (आपल्याकडे लग्नपत्रिकेतही खाली 'आपले नम्र'ची रांग लागते, त्यामुळे हे जड जातं.) यंत्रानं आपोआप बदल करणाऱ्या खात्याला तिथं 'सांगकाम्या' म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला त्याला माझा दंडवत. प्रकाशा की प्रकाशे, अक्राणी की धडगाव, यावरही डोकं फोडायची गरज नाही. एका नावानं लेख ठेवायचा आणि दुसऱ्याचं पुनर्निर्देशन करायचं, झालं.

अवघड आहे ती विशेषणांची रीत. आपलं गाव म्हणजे शहादा तालुक्यातली सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याची वसाहत. गावाचं नावच एका माणसाचं, ते कुणावरून पडलं हे तालुक्यात कुणालाही विचारा. अशा गावात वाढलेल्या माणसाला 'सहकारमहर्षी', 'भाग्यविधाते', 'परिसराचं नंदनवन केलं' हे शब्द लिहावे लागत नाहीत, ते आपोआप येतात. स्मरणिका, गौरव अंक, कारखान्याचे अहवाल, सगळं याच भाषेत. मोठ्या माणसाचा मान ठेवायला माझी हरकत नाही. पण 'नंदनवन केलं' म्हणजे नेमकं काय केलं? गाळप किती, सभासद किती, पाणी कुठून आलं, हे लिहायला बसलं की नंदनवनवाल्यांची लेखणी अडते. विशेषण काढलं की वाक्यात काहीच उरत नसेल, तर दोष रीतीचा कसा?

आता संदर्भांचं. इथं मात्र काकांच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. प्रकाशाबद्दल लिहायचं तर १८८० चं खानदेश गॅझेटियर आहे. आपल्या वसाहतीचं तेव्हा नावनिशाणही नव्हतं. आपल्याबद्दल छापलेलं जे काही आहे ते बहुतेक आपणच आपल्याबद्दल छापलेलं, आणि त्रयस्थ कुणी लिहिलेलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्यातही घोळ असा की १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधीचं सगळं धुळे जिल्ह्याच्या नावाखाली शोधावं लागतं, आणि त्याहून जुनं पश्चिम खानदेशात. तोंडी माहितीला संदर्भ मानावं का, हा प्रश्नही नवा नाही. २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत त्याचा प्रयोग झाला, जाणत्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून लेखात संदर्भ म्हणून दिलं. मला तो प्रयोग मनापासून पटतो. भिली, पावरी, अहिराणी बोलणाऱ्या जिल्ह्यात फक्त छापील कागदालाच खरं मानलं तर अर्धा जिल्हा मुका होतो. पण काका, त्यासाठीही कुणीतरी उठून रेकॉर्डर घेऊन बसायला लागतं. ओट्यावर बसून 'आम्हाला सगळं माहीत आहे' म्हटल्यानं संदर्भ होत नाही.

आणि बसलात तर फक्त आपल्या ओट्यावर बसू नका. माझं खरं भांडण इथंच आहे. विकिपीडियाची सगळ्यात जाचक रीत म्हणजे तटस्थपणा. शहाद्याच्या पानावर ऊस यावा, केळी यावी, सहकार यावा, सारंगखेड्याचा घोडेबाजार यावा, सगळं यावं. मग १९७२ ची श्रमिक संघटनाही यायला हवी. अंबरसिंग महाराजही यायला हवेत. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, सालदारांना आणि मजुरांना नीट मजुरी मिळावी म्हणून याच तालुक्यात लढा झाला, बायकांनी दारूविरुद्ध मोर्चे काढले. आमच्या घरात हे मी कधी ऐकलं नाही. आपण जमीनवाले, आपल्या गोष्टीत सालदार असतो तो बैल हाकण्यापुरता. गंमत बघा, याला त्रयस्थ संदर्भ मात्र भक्कम आहे. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी शहाद्याच्या चळवळीवर निबंध लिहिला, तो १९७६ साली इंग्रजी नियतकालिकात छापून आला. म्हणजे आपल्या नंदनवनाला संदर्भ सापडत नाही आणि ज्यांना आपण मोजलं नाही त्यांचा संदर्भ परदेशातल्या वाचनालयात आहे!

म्हणून म्हणतो, गावाचं पान गावाचं नसतं. ते गावाबद्दल असतं. गावात कारखान्याचा बंगला असतो तशी ऊसतोडीची खोपही असते, आणि पान दोन्हीबद्दल असतं. 'आपलं गाव, आपलं पान' म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा गावातली दहा घरं असतात.

नुसतं रागावून काही न लिहिणं हा मार्गही आहेच. त्याचं फळ बघायचं तर तिथली कितीतरी गावांची पानं उघडा. वर दोन ओळी, 'अमुक तालुक्यातील एक गाव आहे', आणि खाली हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा असे मथळे रिकामे.

असो. घरात जुन्या कात्रणांची पेटी आहे, ती कुणी रद्दीत घालू नका, मी सुट्टीत येऊन स्कॅन करणार आहे. दरम्यान शहाद्याच्या पानावर कुणी श्रमिक संघटनेबद्दल संदर्भासकट लिहिलं, तर 'गावाची बदनामी' म्हणून ते पुसायला धावू नका. पुसलं तरी 'इतिहास पहा' मध्ये जुना मजकूर तसाच राहतो, आणि कुठल्या सदस्यनावानं, कुठल्या तारखेला, किती वाजता पुसला तेही.