विश्लेषण : शाळेत बांधकाम शिकवायचे, पण कोणाला?

नव्या भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का, हे गवंडी टेप लावून पाहतो. एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजले की तिरके अंतर बरोबर ५ फूट भरले पाहिजे. दहावीच्या पुस्तकात हेच पायथागोरसचे प्रमेय म्हणून येते.

हा दुवा शाळेत जोडता येतो का? पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने तो जोडून दाखवला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये आश्रम सुरू केला. त्यातून घडलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले बांधकाम, सुतारकाम, वेल्डिंग, शेती अशी कामे स्वतः करतात.

मग अडचण कुठे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून देण्याचे लक्ष्य ठेवले होते. मात्र ‘अभ्यासात कच्चा, म्हणून हाती थापी’ ही समजूत टिकली, तर या शिक्षणातून गरिबांच्या मुलांची वेगळी रांगच तयार होईल. पहिल्या येणाऱ्या मुलीनेही ओळंबा धरावा आणि गवंड्याच्या मुलालाही प्रमेय सिद्ध करता यावे. दोन्ही कामांचे गुण एकाच गुणपत्रिकेत हवेत.