‘दुसरें स्वातंत्र्ययुद्ध’ : पण कोणाचें?

अमेरिकेनें इ. स. १८१२ च्या जूनमध्यें इंग्लंडविरुद्ध जें युद्ध पुकारलें, त्याला ‘दुसरें स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणण्याची चाल इतकी रुळली आहे कीं, तिच्याविषयीं शंका घेणारा स्वातंत्र्याचाच वैरी ठरावयाचा. तो आरोप पत्करूनहि आम्ही विचारतों कीं, या युद्धानें स्वातंत्र्य मिळालें तें कोणाला?

युद्धाचें कारण म्हणून इंग्रजी आरमाराची दांडगाई पुढें करण्यांत येते. अमेरिकन जहाजांवरील खलाशी इंग्रज बळजबरीनें धरून नेत, हा जुलूम खराच होता. परंतु मौज अशी कीं, ज्या न्यू इंग्लंडचीं जहाजें अडविलीं जात, तेथूनच युद्धाला सर्वांत कडवा विरोध झाला. आणि ज्यांच्या मतदारांना समुद्राचें दर्शनहि दुर्लभ, त्या केंटकी-टेनेसीकडील पुढाऱ्यांनीं युद्धाचा धोशा लावला. प्रतिनिधिगृहांत ७९ विरुद्ध ४९ व सीनेटमध्यें १९ विरुद्ध १३ अशीं मतें पडलीं. याला राष्ट्राचा एकमुखी कौल म्हणणें धाडसाचें आहे. पुढें १८१४ च्या ऑगस्टमध्यें इंग्रजांनीं वॉशिंग्टन जाळलें, आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरला घेंट येथें तह झाला. त्या तहांत खलाशांविषयीं अवाक्षर नाहीं! युद्धापूर्वींची स्थिति पुन्हां आणावी, एवढेंच ठरलें.

मग अमेरिकेला कांहींच मिळालें नाहीं काय? पुष्कळ मिळालें; पण तें इंग्लंडकडून नव्हे. तह होण्यापूर्वींच, ९ ऑगस्ट १८१४ रोजीं, जनरल जॅक्सननें क्रीक लोकांकडून सुमारें २ कोटि ३० लक्ष एकर जमीन लिहून घेतली. क्रीकांपैकीं एक पक्ष अमेरिकेशीं लढला होता, दुसरा जॅक्सनला साह्य करीत होता. जमीन दोघांचीहि गेली. घेंटच्या तहाच्या नवव्या कलमानें युद्धांत लढलेल्या इंडियन जमातींना त्यांचे १८११ चे हक्क परत देण्याचें वचन अमेरिकेनें दिलें होतें. क्रीकांच्या वाट्याला त्यांतलें कांहीं आलें नाहीं. त्या जमिनीवर कापूस उभा राहिला. सरकी काढण्याच्या व्हिटनीच्या यंत्रानें (१७९३) कापसाची किफायत आधींच वाढविली होती. आतां भूमि मिळाली, आणि ती कसावयास व्हर्जिनिया-मेरीलंडकडचे गुलाम साखळदंडांत बांधून नेण्यांत येऊं लागले. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणण्यास कायद्यानें बंदी असूनहि, १७९० सालीं सुमारें ७ लक्ष असलेली गुलामांची संख्या १८२० सालीं १५ लक्षांवर गेली. स्वातंत्र्ययुद्धाचें हें फळ!

उत्तरेकडचा हिशेब निराळा. जेफर्सननें १८०७ च्या अखेरीस आपल्याच जहाजांना परदेशव्यापाराची बंदी केली व एका वर्षांत निर्यात सुमारें १० कोटि ८० लक्ष डॉलरांवरून २ कोटि २० लक्षांवर आली. बंदी व युद्ध यांनीं व्यापार अडला, तेव्हां बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनीं भांडवल गिरण्यांत घातलें. शेतकऱ्यांचें लोकराज्य स्थापूं म्हणणाऱ्या जेफर्सनच्याच पक्षानें १८१६ मध्यें या गिरण्यांभोंवतीं जकातीचें कुंपण घातलें. कापडावर शेंकडा २५ जकात, आणि चौरस वारास २५ सेंटांहून स्वस्त असलेलें सुती कापडहि २५ सेंटांचेंच समजावयाचें. म्हणजे आठ सेंटांच्या कापडाला सव्वासहा सेंट जकात! असें स्वस्त जाडेंभरडें कापड तेथें मुख्यतः आपल्या हिंदुस्थानांतून जाई. आमच्या विणकराला बुडविण्याचें श्रेय एकट्या मँचेस्टरला देणारांनीं हेंहि कलम ध्यानांत ठेवावें. ज्या मॅडिसननें १७९१ सालीं राष्ट्रीय बँक घटनाबाह्य ठरविली, त्यानेंच १८१६ सालीं अध्यक्ष या नात्यानें नव्या बँकेच्या सनदेवर सही केली, हें तर ओघानेंच आलें.

या युद्धानें राष्ट्रभावना जागी झाली, असें उत्तर यावर देण्यांत येतें. न्यू ऑर्लिन्सच्या जयाचा (८ जानेवारी १८१५) अमेरिकनांना अभिमान वाटला हें आम्ही नाकारीत नाहीं, मग तो जय तहावर सह्या झाल्यानंतरचा कां असेना. पण त्या रणांगणावर जॅक्सनच्या बाजूनें चॉक्टॉ योद्धेहि लढले होते. १८३० सालीं तोच जॅक्सन अध्यक्ष असतां, चॉक्टॉंना मिसिसिपीमधील आपली उरलेली भूमि सोडून देण्याच्या करारावर सह्या कराव्या लागल्या.