खारेपाटातील पायी सहल

शाळेच्या वार्षिक सहलीचा विषय निघाला म्हणजे रायगड, शिवनेरी, लोहगड, महाबळेश्वर हीच नावे प्रथम पुढे येतात. चढावयास काही उंच असल्यावाचून सहल झाली असे आमच्या लोकांस वाटतच नाही. डोंगरांविषयी आमच्या मनात अनादर मुळीच नाही. परंतु ज्या मुलाने एकही गड पाहिला नाही त्याचे जितके नुकसान झाले, तितकेच, भरतीच्या पातळीखाली पिकणारी भातशेती ज्याने पाहिली नाही त्याचेही झाले, असे आमचे मत आहे. आणि ही शेती पाहण्यास एस.टी.चे तिकीट व दोन पाय एवढ्याच साहित्याची गरज आहे.

आम्ही बोलतो ते रायगड जिल्ह्यातील खारेपाटाविषयी. पनवेल-पेणकडून अलिबागेस जाणारी गाडी वडखळवरून वळते, धरमतरच्या पुलावरून अंबा नदीची खाडी ओलांडते आणि पोयनाडास येते. तेथे उतरावे. शहाबाज, चरी ही गावे ह्याच बाजूची. गावातून बाहेर पडून खाडीच्या रोखाने चालू लागले म्हणजे जमीन एकाएकी सपाट होते व आकाश मोठे होते. येथे चढ नाही, उतार नाही, सावलीही बेताचीच. शेताच्या बांधावरून बांधावर जाणारी पायवाट मात्र कोठेही संपत नाही, आणि शेवटी ती खाडीच्या मोठ्या बांधावर येऊन पोहोचते.

ह्या बांधावर उभे राहून एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे पाहावे. एका अंगास खाडी, चिखल आणि तिवरांची झाडी. दुसऱ्या अंगास भाताची खाचरे. भरती पूर्ण भरली असेल तर खाडीचे पाणी खाचरांच्या तळापेक्षा वर असते, हे डोळ्यांनी दिसते. त्यास भूगोलाच्या पुस्तकाची साक्ष लागत नाही. मधे काय? मातीचा बांध. ओहोटीच्या वेळी चिखलावर निवटे उड्या मारताना दिसतात, एक नांगी मोठी असलेले लहान खेकडे बिळाच्या तोंडाशी येऊन बसतात, बगळे व तुतवार त्यांच्या मागावर असतात, आणि एखादा खंड्या खुंटावरून पाण्यात झेप घेतो. मुले हे सर्व पाहून हरखतात व ते योग्यच आहे. तरी पक्ष्यांकडे पाहून झाल्यावर त्यांनी पायाखालीही पाहावे, एवढाच आमचा आग्रह.

बांधात ठिकठिकाणी पाणी बाहेर सोडण्याची दारे असतात. त्यांस उघाडी म्हणतात. उघाडीची झापड खाडीच्या बाजूस टांगलेली असते. भरती चढली की खाडीचे पाणी तिला दाबून बंद करते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याचा जोर तिला ढकलून उघडतो. रखवालदार नको, यंत्र नको. चंद्र स्वतःच दार लावतो व उघडतो, असे म्हटले तरी चालेल. पदार्थविज्ञानाच्या तासास द्रवाच्या दाबाविषयी फळ्यावर आम्ही जे रेखाटतो, ते येथे गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून ठेवले आहे.

जमिनीत मीठ मुरलेले असते. उन्हाळ्यात ते वर चढते व जमिनीवर पांढरा थर धरतो. पहिल्या पावसांनी ते धुऊन उघाडीवाटे खाडीत गेले म्हणजे मग भात पेरावयाचा. काळा राता, भुरा राता अशा जुन्या जाती ही खार सोसतात, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानेही अशा नव्या जाती तयार केल्या आहेत. पीक वर्षातून एकच. त्या एका पिकावर वर्ष काढावयाचे, आणि तेही बांध टिकला तर. चिंबोरीने किंवा उंदराने पाडलेले एक बीळ उधाणाच्या रात्री रुंदावत जाते, त्याची खांड होते, आणि सकाळी शेतात समुद्र असतो. मग पाणी ओसरले तरी मीठ राहते व पुढील काही हंगाम जमीन हाती लागत नाही. म्हणूनच पूर्वी गावोगावी जोळ असे; घरटी माणूस बांधावर यावयाचा, चिखलाची ढेपे हातोहात पुढे जावयाची, आणि खांड पुढच्या भरतीपूर्वी बुजवावयाची. ज्याच्या शेतासमोर खांड पडली त्यानेच ती पाहावी, असे म्हणण्याची सोय तेथे नव्हती, कारण पाणी शेताच्या हद्दी मानीत नाही.

इतिहासाच्या शिक्षकांसही येथे काम आहे. ही जमीन कसणारी कुळे, आणि पिकाचा मोठा वाटा नेणारे खोत व सावकार, ह्यांच्यातील तेढ वाढत जाऊन २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरी येथे शेतकऱ्यांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील हे त्याचे पुढारी. जमीन कसावयाचीच नाही असा निर्धार करून ही माणसे १९३९ पर्यंत टिकली. लाकूडफाटा विकून व मोलमजुरी करून त्यांनी दिवस काढले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेस आले होते. पुढे कूळकायदा झाला त्यामागे ह्या संपाचे बळ होते. लढायांची सनावळी पाठ करणाऱ्या आमच्या मुलांनी, ज्या रणांगणावर एकही तोफ उडाली नाही असे हे रणांगण पायी फिरून पाहावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

आता ज्या गोष्टीविषयी मतभेद आहे तिच्याकडे वळू. बांधावरून चालताना काही ठिकाणी आतल्या अंगासही तिवरांची दाट झाडी दिसते. शहरातून आलेला मनुष्य ती पाहून धन्य होतो व निसर्ग येथे अस्पर्श राहिला आहे असे म्हणतो. वास्तविक ते कोणाचे तरी भातशेत असते. बांध फुटला, तो वेळीच बांधला गेला नाही, भरतीबरोबर बिया आत आल्या व रुजल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश देऊन व २०१८ मध्ये अंतिम निर्णय देऊन कांदळवनाच्या तोडीस बंदी केली आहे. बंदी योग्यच आहे. कांदळवन किनाऱ्याची धूप थोपविते व माशांच्या पिलांस आसरा देते, हे आम्ही वर्गात शिकवितो व त्यावर आमचा विश्वास आहे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर शेत आहे आणि डोळ्यांसमोर वन आहे, त्याने काय करावे? त्याला झाड तोडता येत नाही व भात लावता येत नाही. आमच्या मते दोष झाडाचा नाही व न्यायालयाचाही नाही. दोष दुरुस्तीच्या विलंबाचा आहे. खारभूमी खात्याने खांड त्याच हंगामात बुजविली असती तर शेत विरुद्ध वन हा वाद उद्भवलाच नसता. बांधाबाहेरचे वन राखावे व बांधाआतले शेत राखावे. ह्या दोहोंत विरोध नाही, कारण बाहेरची झाडीच बांधाचे लाटांपासून रक्षण करते. गावकऱ्यांची तक्रार अशीही आहे की, खाडीतून जाणाऱ्या मालवाहू बार्जांच्या लाटांनी बांध झिजतात. बांधावरून चालल्याशिवाय ही तक्रार समजत नाही. मोटारीच्या काचेतून ती ऐकूच येत नाही.

ह्याच कारणासाठी सहलीस खासगी आरामगाडी करू नये असे आम्ही म्हणतो. आरामगाडी मुलांस त्यांच्याच गोंगाटासह नेते व त्याच गोंगाटासह परत आणते. एस.टी.त शेजारी चिंबोऱ्यांची टोपली घेऊन बाई बसलेली असते, आणि ती कोणत्या गावची, बांध कसा आहे, हे विचारता येते. पालक म्हणतात, मुलींस एस.टी.ने कसे पाठवावे? त्याच एस.टी.ने खारेपाटातील मुली रोज शाळा-कॉलेजात जातात. शिवाय मार्च २०२३ पासून महिलांस अर्धेच भाडे पडते, म्हणजे खर्चाचाही आक्षेप निम्म्याने कमी झाला. मुख्य रस्त्यावर गाड्या पुष्कळ आहेत. आतल्या गावांस फेऱ्या मोजक्या, आणि प्रवासी नसले की त्या मोजक्याही राहत नाहीत. चार शाळांची मुले वर्षातून एकदा त्या गाड्यांत बसली तर फेरी टिकेल असे आम्ही म्हणत नाही. पण गाडी रिकामी जाते असे म्हणणाऱ्यास निदान त्या दिवशी तरी तसे म्हणता येणार नाही.

जाण्यास मार्गशीर्ष व पौष हे महिने उत्तम. पावसाळ्यात बांध निसरडे होतात व उधाणे जबर असतात. तेव्हा मुलांस नेऊ नये. भरतीची वेळ काढण्यास कोळ्यांचा साधा हिशेब आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येस दुपारी अकरा-बाराचा सुमार. बांधाच्या दोन अंगांचा फरक पाहावयाचा तर पौर्णिमा किंवा अमावास्याच निवडावी. सकाळच्या गाडीने निघणाऱ्यास ती वेळ सोयीचीही पडते. पाणी बरोबर घ्यावे, बांधाची माती उकरू नये, डोक्यावर भारा घेतलेले कोणी समोरून आले तर आपण खाली खाचरात उतरून वाट द्यावी. आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पोयनाडास उतरतानाच विचारून ठेवावी.